एकाच नागपुरातली वेगवेगळी उन्हं: हवामान बदलाचा असमान फटका कोणाला कसा दिसतो?

नागपूरचं अधिकृत तापमान सोनेगावला, विमानतळाजवळच्या वेधशाळेत मोजलं जातं. हे तापमान घेण्याची पद्धत जगभर सारखीच आहे. पांढरी लाकडी पेटी, तिला झडपांच्या भिंती, म्हणजे वारा आत खेळेल पण ऊन शिरणार नाही. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेला तापमापक. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि सगळ्या शहराने तो आकडा आपला म्हणून वाचला.

आकडा बरोबरच होता. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. त्याच दुपारी टिनाच्या छपराखाली, एकाच खिडकीच्या खोलीत, बाजूला स्वयंपाक चालू असताना किती तापमान होतं, याची नोंद कुठेच नाही. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या कडुलिंबांच्या सावलीत किती होतं आणि स्लॅबच्या कामावर घमेलं वाहणाऱ्या रेजाच्या डोक्यावर किती होतं, याचीही नाही. टिनाचा पत्रा उन्हात भराभर तापतो आणि ती उष्णता सरळ खाली फेकतो. सिमेंटचा स्लॅब सावकाश तापतो, पण रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेरच्या गल्लीत टाकतो. शहर एक, वेधशाळेचा आकडा एक, आणि माणसागणिक ऊन निराळं.

हवामान बदलाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हे आता वादाचं राहिलेलं नाही. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने २०२२ च्या अहवालात नोंदवलं, की २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अतिशय असुरक्षित प्रदेशांत, तुलनेने सुरक्षित प्रदेशांच्या १५ पट होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला, की उष्णतेमुळे २०३० साली भारतातले ५.८ टक्के कामाचे तास बुडतील. म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढं काम. हे तास मुख्यतः शेतातले आणि बांधकामावरचे आहेत, आणि तिथे तास बुडला की रोजी बुडते.

हा झाला फटका. मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं. फटका असमान आहे, हे लोकांना दिसतं का? कळमन्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला जे दिसतं, तेच धरमपेठेतल्या डॉक्टरला दिसतं का? आणि दोघांना वेगळं दिसत असेल, तर ते विश्वासाने शोधून काढायचं कसं? या प्रश्नांवर जगभर संशोधन चालू आहे. त्यातून निघालेल्या काही गोष्टी आपल्या सगळ्यांच्या पक्क्या समजुतींना धक्का देणाऱ्या आहेत. त्या माहीत असायला हव्यात, कारण पैसा कोणत्या वस्तीवर खर्चायचा आणि भार कोणावर टाकायचा हे ठरवताना लोकांची साथ लागते, आणि साथ समजुतीवर उभी असते.

या समजुतीचे तीन वेगळे भाग आहेत. झळ कोणाला जास्त बसते? ती लागायला कारण कोण? आणि निस्तरायचं कोणी? माणूस पहिल्या प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर देईल आणि दुसऱ्याला पार चुकेल, असं होऊ शकतं. म्हणून संशोधक हे तिन्ही प्रश्न एकत्र कालवत नाहीत.

शब्दापाशीच अडतं

अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सी-व्होटर ही सर्वेक्षण संस्था यांनी ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात भारतात ४,६१९ प्रौढांना जागतिक तापमानवाढीबद्दल विचारलं. ५४ टक्के लोक म्हणाले, आम्हाला याबद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा आम्ही हे कधी ऐकलंच नाही. इथेच थांबलं तर निष्कर्ष निघतो की अर्ध्याहून जास्त देश अजाण आहे. पण सर्वेक्षण करणाऱ्यांनी पुढे साध्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत समजावून सांगितलं की पृथ्वीचं सरासरी तापमान वाढत चाललंय आणि त्याने हवामान बदलतंय. मग विचारलं, असं होतंय असं वाटतं का? ८४ टक्के लोक हो म्हणाले.

अनुभव होता, शब्द नव्हता. नागपुरात मे महिन्यात कोणत्याही पानठेल्यावर थांबा, 'यंदा लईच तपून राह्यलं बाप्पा' हे वाक्य ऐकू येईल. 'हवामान बदल' हा शब्द मात्र वर्तमानपत्राचा आणि शाळेच्या पुस्तकाचा आहे. बहुतेकांसाठी हवामान म्हणजे बातम्यांनंतरचा अंदाज.

काटोल-नरखेडकडचा संत्रा उत्पादक घ्या. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. मग मृगाच्या पावसाने झाड फुलतं. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो. पाऊस लांबला तर ताण जास्त होतो. या माणसाच्या डोक्यात नक्षत्रांनिशी पावसाचा हिशेब असतो. त्याला कागदावर 'हवामान बदलाविषयी आपणास किती माहिती आहे' असं विचारलं तर तो 'काही नाही' वर खूण करेल, आणि आपण त्याला अजाणांच्या रकान्यात टाकू. चूक प्रश्नाची.

शिक्षण आणि कमाई बहुधा हातात हात घालून जातात. त्यामुळे शब्दाची परीक्षा घेणारी प्रश्नावली गरिबाला आपोआप कमी जाणकार ठरवते. ज्याने इंग्रजी माध्यमात भूगोल शिकला त्याला जास्त गुण, ज्याने ऊन सोसलं त्याला कमी.

'पोट भरल्यावर पर्यावरण' ही समजूत

मला सगळ्यात जास्त वेळ इथे थांबायचं आहे, कारण ही समजूत भल्याभल्यांच्या मनात घट्ट बसलेली आहे. गरिबाला आजची भाकर दिसते, त्याला पृथ्वीची काय पडली आहे. पर्यावरण हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा विषय. अभ्यासाच्या जगातही या विचाराची एक मांडणी होती. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांनी १९७० च्या दशकात मांडलं, की समाजाची पोटापाण्याची चिंता मिटली की तो पर्यावरणासारख्या मूल्यांकडे वळतो.

मग १९९२ मध्ये गॅलप संस्थेने रायली डनलॅप यांच्याबरोबर २४ देशांत सर्वेक्षण केलं. पर्यावरणाची काळजी गरीब देशांतही भरपूर दिसली, कित्येक बाबतींत श्रीमंत देशांपेक्षा जास्त. आपल्याला खरं तर सर्वेक्षणाचीही गरज नव्हती. १९७३ मध्ये गढवालच्या डोंगरातल्या लोकांनी झाडं वाचवायला चिपको उभं केलं, तेव्हा ती मंडळी सधन नव्हती. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तेव्हा तिथलंही कोणी पोट भरून सुस्तावलेलं नव्हतं. जंगल हेच पोट होतं.

तरी समजूत टिकून आहे. ती किती खोल आहे हे अॅडम पिअरसन, जोनाथन शुल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेत मोजलं. त्यांनी लोकांना दोन गोष्टी विचारल्या. तुम्हाला स्वतःला पर्यावरणाची किती काळजी वाटते? आणि तुमच्या मते गरीब लोकांना, कृष्णवर्णीयांना, लॅटिनो लोकांना किती वाटत असेल? मग अंदाज आणि खरी उत्तरं शेजारी ठेवली. लोकांनी गरिबांची आणि अल्पसंख्याकांची काळजी खऱ्यापेक्षा बरीच कमी समजली होती. श्रीमंतांनीच नव्हे, खुद्द गरिबांनी आणि अल्पसंख्याकांनीही आपल्या लोकांबद्दल तसंच समजलं होतं.

हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्यावर अडकलो होतो. वस्तीतल्या बाईला ऊन खुपतं, पावसाचा भरवसा गेल्याची तिला काळजी आहे, आणि तिला वाटतं की हे आपल्या एकटीलाच वाटतं, बाकी लोकांना काही पडलेली नाही. मग ती नगरसेवकापुढे हा विषय काढेल कशाला? नळाचा काढेल, नालीचा काढेल. नगरसेवकाला वाटेल, या वस्तीला उन्हाचा प्रश्नच नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट काम करते. एल्की वेबर आणि त्यांच्याबरोबरच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की माणसाची चिंता करण्याची क्षमता मर्यादित असते. घागरीसारखी. एक चिंता वाढली की दुसरीला जागा कमी पडते. खोलीभाडं, मुलीची फी, बचत गटाचा हप्ता, सासऱ्याची दवाखान्याची चिठ्ठी यांनी घागर काठोकाठ भरली असेल, तर 'तुम्हाला सर्वांत मोठी चिंता कोणती' या प्रश्नाला उत्तर 'भाडं' असंच येणार. त्याचा अर्थ उष्णता बोचत नाही असा होत नाही. शिवाय उष्णता याच चिंतांच्या आतही असते. एप्रिल-मे मध्ये काम अर्धा दिवस झालं म्हणून भाडं थकलं, ऊन लागलं म्हणून चिठ्ठी वाढली. पण ती हवामानाच्या रकान्यात दिसत नाही.

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये आरोग्याबद्दल मांडलेली एक गोष्ट इथे चपखल बसते. तेव्हा भारतात आयुर्मान सर्वाधिक केरळचं होतं, आणि आपण आजारी आहोत असं सांगणारे लोकही केरळातच सर्वाधिक. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजार सांगणारेही कमी. बिहारचे लोक जास्त निरोगी होते म्हणून असं झालं का? अजिबात नाही. जिथे दवाखाना जवळ आहे, शिक्षण आहे, तिथे माणूस त्रासाला आजार म्हणून ओळखतो. जिथे उपायच नाही तिथे त्रास हा आयुष्याचा भाग होतो, त्याबद्दल तक्रार उरत नाही. उन्हाचं तसंच आहे. वर्षानुवर्षं टिनाखाली राहिलेली बाई 'गर्मी तर दरवर्षीच असते' म्हणते. एसी बंद पडला की दोन तासांत कासावीस होणारा माणूस 'असह्य आहे' म्हणतो. दोघांच्या उत्तरांना सारखे गुण देऊन बेरीज केली, तर त्रास फ्लॅट स्कीममध्ये जास्त आहे असं गणित निघेल.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: कमी तक्रार म्हणजे कमी त्रास नव्हे. जाणिवेच्या प्रत्येक अभ्यासाला मोजमापाची जोड लागते, नाहीतर अभ्यासच अन्याय करतो.

आठवणीचीही एक गंमतीशीर अडचण आहे. १९९५ मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने दाखवलं, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेलं तेच 'नेहमीचं' धरते, आणि पिढीगणिक हे 'नेहमीचं' खाली सरकत जातं. आजी सांगते की नवतपातही, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतही, पहाटे गच्चीवर गोधडी ओढावी लागायची. नातवाला गच्चीवर झोपणं हेच माहीत नाही. त्याला काय बदललं हे विचारून काय मिळणार?

कारण कोण? कूलर आणि एसीचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. इथे सगळेच चुकतात, आणि चुकण्याची दिशा एकच असते.

आधी घरचा हिशेब करू. दीड टनाचा एसी तासाला साधारण १ ते १.५ युनिट वीज घेतो. आठ तासांची रात्र धरली तर ८ ते १२ युनिट. घरगुती कूलर साधारण २०० वॉटचा धरला तर त्याच रात्रीचे दीड युनिटच्या आसपास. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका रात्रीत एसीचा वाटा साधारण ६ ते ८ किलो, कूलरचा एक किलोच्या जरा वर. ज्या खोलीत फक्त पंखा फिरतो तिचा त्याहून कितीतरी कमी.

कूलर नागपूरच्या कोरड्या उन्हात उत्तम चालतो, कारण ताटीवरचं पाणी उडून जाताना हवा थंड करतं. पण त्याला रोज भरपूर पाणी लागतं. जिथे नळाला थोडाच वेळ पाणी येतं किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे आधी पिण्याचे गुंड भरायचे की कूलर, हा रोजचा प्रश्न असतो. जून लागला आणि हवेत दमटपणा आला की कूलर निकामी होतो, एसी चालूच राहतो. थंडावा विकत घेण्याची ताकद आणि उष्णता वाढवण्याची ताकद एकाच खिशात असते, हे या छोट्याशा हिशेबातही दिसतं.

आता हाच फरक लोकांना किती दिसतो? क्रिस्टियन नील्सन, रमित देबनाथ आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारत, डेन्मार्क, नायजेरिया आणि अमेरिका या चार देशांतल्या सुमारे ४,००० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: प्रत्येक देशात जवळपास अर्धे लोक सर्वाधिक कमाईच्या १० टक्क्यांतले निवडले. नेहमीच्या सर्वेक्षणात श्रीमंत माणूस सापडत नाही, आणि हा अभ्यास तर त्याच्याशिवाय होऊच शकत नाही. मग विचारलं, तुमच्या देशात तळाच्या ५० टक्के लोकांचं, वरच्या १० टक्क्यांचं आणि सर्वांत वरच्या १ टक्क्याचं दरडोई कार्बन उत्सर्जन किती असेल?

चारही देशांत लोकांनी गरिबांचं उत्सर्जन खऱ्यापेक्षा खूप जास्त सांगितलं आणि श्रीमंतांचं खूप कमी. श्रीमंतही चुकले, गरीबही चुकले. आपल्या डोक्यात या दोन टोकांमधलं अंतर प्रत्यक्षापेक्षा फार लहान आहे. धुराची चूल डोळ्यांना दिसते, बसस्टॉपमागे जळणारा कचरा दिसतो. विमानाचं तिकीट, दुसरी गाडी, प्रत्येक खोलीतला एसी यांचा धूर तसा डोळ्यांत भरत नाही. एसीचा तर निघतो कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशाच्या वीज केंद्रांतून. तिथल्या चिमण्या नागपूरच्या उत्तरेला रात्रीही दिसतात. वीज वापरणारा कुठे, राखेच्या बंधाऱ्याजवळ राहणारा कुठे.

त्याच अभ्यासात असंही दिसलं, की काही उपायांना वरच्या उत्पन्न गटाचा पाठिंबा जास्त होता. जास्त मागणीच्या वेळी वीज महाग करणं हा त्यातला एक. ही बाब मला महत्त्वाची वाटते. संध्याकाळी सातला वीज महाग केली तर चांगल्या पगाराच्या घरात बिल थोडं फुगेल, टिनाच्या घरात पंखा बंद होईल. उपाय एकच, भार निराळा. ज्याला अंतर लहान वाटतं, त्याला हा उपाय न्याय्य वाटणं अगदी साहजिक आहे.

देशादेशांमध्ये हाच वाद आपण हिरिरीने मांडतो. भारतात इंधनामुळे होणारं दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि अमेरिकेची तर सात पटींच्या आसपास. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मांडायलाच हवा. पण ही २ टनांची सरासरी कोणाच्या जिवावर इतकी कमी राहते, हे शहराच्या आत पाहायचं आपण टाळतो. ठिय्यावर उभा असलेला मजूर आपली सरासरी खाली ठेवतो.

नागनदीने मोडलेलं चित्र

इथवर वाचून वाटेल की श्रीमंत सुरक्षित आणि गरीब असुरक्षित, एवढं सोपं चित्र आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ते मोडलं. मध्यरात्रीनंतर सुमारे चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्र सोडून घरांत शिरली. चार जणांचा जीव गेला, सुमारे १०,००० घरांचं नुकसान झालं. पाणी नदीकाठच्या झोपड्यांत शिरलं तसंच अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटमधल्या बंगल्यांतही शिरलं. गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरचे फ्रिज तरंगले.

ऊन घराघरात भेद करतं. पाणी उतार बघतं. तलावाखाली, नदीकाठी घर बांधलं तर पाणी सातबारा विचारत नाही. अशा घटनेनंतर सुस्थितीतल्या माणसाचीही जाणीव जागी होते, आणि 'हवामान बदलाचा फटका सगळ्यांनाच बसतो' असं वाक्य ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. पाणी दोघांकडे शिरलं, पण ओसरल्यानंतरचे महिने सारखे नव्हते. विमा, बँकेतली शिल्लक, चार दिवस राहायला नातेवाइकाचा मोकळा फ्लॅट, पगारी रजा, पंचनाम्यासाठी लागणारी कागदपत्रं कोरडी राहिली का, यांवर सावरण्याचा वेग ठरतो. शिलाई मशीन भिजलं तर त्या घराची कमाई त्याच दिवशी थांबते.

संशोधनाच्या भाषेत हे दोन वेगळे प्रश्न आहेत: संकटाच्या तोंडी कोण सापडतं, आणि त्यातून उठून कोण उभं राहतं. प्रश्नावलीत 'तुम्हाला पुराचा फटका बसला का' एवढंच विचारलं, तर दोन्ही घरं 'हो' म्हणतील आणि अहवालात विषमता शून्य दिसेल. 'पूर्ववत व्हायला किती दिवस लागले? कर्ज काढावं लागलं का? काय विकावं लागलं?' हे विचारलं, तरच अंतर दिसेल.

मग नागपुरात विचारायचं कसं?

समजा, उद्या नागपुरातल्याच एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांना हा अभ्यास करायचा आहे. पहिली गाठ उत्पन्नाशी पडते. कमाई विचारली की खरं सांगणारे थोडे. श्रीमंत कमी सांगतो, रोजंदारीवाल्याला महिन्याचा आकडा सांगताच येत नाही, कारण आठवड्यात कधी सहा दिवस काम असतं, कधी दोन. रेशन कार्डाच्या पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या रंगावरून अंदाज घ्यावा असं वाटतं, पण केशरी कार्डाची मर्यादाच वार्षिक १ लाख रुपयांची आहे. त्यापुढचा शिक्षक आणि कारखानदार दोघेही पांढऱ्यातच. त्यापेक्षा घराचं छप्पर कशाचं, खोल्या किती, पाणी कुठून येतं, थंडाव्याचं साधन कोणतं, प्रवास कशाने, हे पाहून ठरवलेला स्तर जास्त विश्वासाचा ठरतो. पैशाबरोबर जातही नोंदवावी लागते. सफाईचं, ओझ्याचं, उन्हातलं काम कोणाच्या वाट्याला आलं, हे आपल्याकडे फक्त कमाईने ठरत नाही.

दुसरी गाठ, माणसं कोणती सापडतात. दुपारी दारं ठोठावली तर रोजीवर गेलेला भेटणार नाही. फ्लॅट स्कीममध्ये चौकीदार गेटवरूनच परत पाठवेल. भेटतील ते मधले. शिवाय घरात 'कर्त्या पुरुषा'शी बोलून निघालं, तर दिवसभर त्या खोलीत राहणाऱ्या बाईचं ऊन नोंदलंच जाणार नाही. छत्तीसगड-मध्य प्रदेशातून येऊन कामाच्या जागेवरच राहणारे मजूर तर कोणत्याच यादीत नसतात.

तिसरी, वेळ. ये ली, एरिक जॉन्सन आणि लिसा झावल यांनी २०११ मध्ये दाखवलं, की ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गरम वाटतं त्या दिवशी लोकांचा तापमानवाढीवरचा विश्वासही वाढतो. नवतपात विचारलेलं आणि डिसेंबरात विचारलेलं उत्तर एक नसणार. म्हणून त्याच घरांत दोनदा जायला हवं, एकदा मे मध्ये आणि एकदा हिवाळ्यात.

आकड्यांची पट्टी सगळ्यांना जमत नाही. 'एक ते पाचमध्ये सांगा' म्हटलं की पुष्कळ लोक तीन म्हणून मोकळे होतात. गावागावांत सहभागी अभ्यास करणाऱ्यांकडे याला जुना उपाय आहे. हातात वीस दाणे द्यायचे, आपल्याकडे तुरीचे घ्या. समोर चित्रं मांडायची: बंगला, फ्लॅट स्कीम, चाळ, टिनाचं घर, शेत. सांगायचं, उन्हाचा त्रास कोणाला किती, तसे दाणे ठेवा. मग दाणे गोळा करून पुन्हा द्यायचे: ही गर्मी वाढायला कोण किती कारण? तिसऱ्यांदा: खर्च कोणी किती करावा? दाणे ठेवताना माणूस बोलतो, थांबतो, दोन दाणे उचलून दुसरीकडे सरकवतो. ते सरकवताना तो काय बोलतो, हीच त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची नोंद. आणि बंगल्यातल्या माणसालाही तेच दाणे, तीच चित्रं द्यायची.

या सगळ्याशेजारी मोजमाप. बटणाएवढी तापमान-नोंदणी यंत्रं मिळतात. ती खोलीत टांगली की ठरावीक वेळाने आपोआप नोंद घेत राहतात. यंत्रावर डोळे झाकून विश्वासही नको. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, बातमी देशभर पसरली, आणि हवामान विभागाने तपासून सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. म्हणून यंत्रं आधी एकत्र ठेवून पडताळायची. मग महापालिकेच्या दहा झोनांपैकी, समजा, धरमपेठ आणि आशीनगर या दोन झोनांतली वेगवेगळ्या छपरांची घरं निवडायची, आणि महिनाभराच्या नोंदी सोनेगावच्या आकड्याशेजारी मांडायच्या.

महापालिकेच्या उष्माघात प्रतिबंधक आराखड्याला याचा थेट उपयोग आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेने नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे असा पहिला आराखडा झाला, आणि पुढे नागपुरानेही तो मार्ग धरला. आराखड्यातला इशारा वेधशाळेच्या दिवसाच्या कमाल तापमानावर निघतो. टिनाच्या आणि स्लॅबच्या घरांचा खरा छळ मात्र रात्रीचा असतो. शरीराला सावरायला मिळणारे तेच तास, आणि तेच हिरावले जातात. पुष्कळदा असा मृत्यू कागदावर हृदयविकार म्हणूनच लिहिला जातो.

अभ्यास झाल्यावर त्या मुलांनी प्रत्येक घराला त्याच्या खोलीचा आलेख परत द्यावा, असं मला मनापासून वाटतं. आणि प्रश्नावलीत पहिला प्रश्न 'हवामान बदलाविषयी आपणास किती माहिती आहे' हा नसावा. बंगल्यात आणि टिनाच्या घरात दोन्हीकडे सहज विचारता येईल असा असावा: 'काल रात्री झोप किती वाजता लागली?'